राग सोमवारची वाट बघत नाही

प्रिय मित्रा,

वर्गात भावना शिकवायच्या तासाचा तुझा तक्ता पाहिला. सोमवारी राग, मंगळवारी भीती, बुधवारी सहानुभूती. मेहनत दिसते. पण राग सोमवारची वाट बघत नाही रे. कुणीतरी पट्टी ढापलेली असते आणि तो गुरुवारी भर गणिताच्या तासाला येतो.

हा तास नकोच, असं माझं म्हणणं नाही. मानसशास्त्रज्ञ जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 साली शाळांमधल्या अशा 213 उपक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले, मुलं 2 लाख 70 हजारांवर. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल अभ्यासातही साधारण 11 जागा पुढे सरकावं, इतका फरक दिसला. मुख्याध्यापकांना हा आकडा दाखव. तुला उपयोगी पडेल अशी गोष्ट मात्र वेगळी: बाहेरून आलेल्या मंडळींपेक्षा वर्गशिक्षकांनीच घेतलेल्या उपक्रमांचा परिणाम जास्त बाबतींत दिसला. मला त्याचं नवल वाटलं नाही. गुरुवारी वर्गात शिक्षकच असतो.

सुरुवात शब्दांपासून कर. काय झालं विचारलं की मूल म्हणतं, "राग आला." पुष्कळदा तो राग नसतोच. कुणी हिरमुसलेलं असतं, कुणी ओशाळलेलं, कुणाला हेवा वाटत असतो. नाव कळलं की काय करायचं तेही बदलतं. ओशाळलेल्या मुलाला "शांत हो" सांगून काय उपयोग? त्याला आधी चारचौघांच्या नजरेआड न्यायला हवं. हेवा वाटणाऱ्याला नजरेआड नेलंस तर तो आणखीच कुढेल.

माझी एक फजिती सांगते. मी रोज मुलांना गोल बसवून 'आज कसं वाटतंय' विचारायची. तिसऱ्या आठवड्यात अख्खा वर्ग एका सुरात "छान!" काय म्हटलं की सुटका होते, हे मुलांना बरोबर कळतं. तेव्हापासून माझ्या वर्गात 'आज सांगायचं नाही' हेही उत्तर चालतं. भावनांना गुण तर चुकूनही देऊ नकोस.

एखाद्याने घरी मार बसतो असं काही सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. ते पाळता येणार नाही. समुपदेशकांकडे त्याच दिवशी जा.

आणि पट्टीच्या भांडणात तुझाच आवाज चढला, तर लपवू नकोस. "मी वैतागलोय, दोन मिनिटं द्या," म्हण आणि खिडकीशी जाऊन उभा राहा. वर्ग तुझ्याकडेच बघत असेल.

तुझी,
ताई