वाचकांचे प्रश्न : वासोट्याची चढण आणि लाँचची वेळ

प्रश्न : आम्ही घरातली आठ माणसे जानेवारीत वासोट्याला जाण्याचा बेत करत आहोत. त्यांत माझे 63 वर्षांचे वडील आणि 10 वर्षांची मुलगी आहे. वडील रोज पहाटे चार किलोमीटर चालतात आणि मुलीने सिंहगड दोनदा चढला आहे. वासोटा फार अवघड आहे असे काहीजण सांगतात, तर काहीजणांच्या मते ती नुसती जंगलातली वाट आहे. यांतले खरे काय धरावे? गडावर मुक्काम करता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुक्कामाचे आधी सांगतो, कारण बाकीचा सगळा बेत त्यावर ठरतो. गडावर राहता येत नाही. वासोटा कोयना अभयारण्याच्या पोटात आहे. हे अभयारण्य 1985 साली घोषित झाले आणि 2010 पासून चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे सकाळी आत जायचे आणि दिवस मावळण्याआधी बाहेर पडायचे, एवढीच मुभा आहे. पावसाळ्यात तीही नसते.

आता वेळेचा हिशेब पाहू. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला पोहोचून साडेआठला लाँच मिळाली, तर शिवसागर जलाशयातून तास-सव्वा तासाने आपण मेट इंदवलीला उतरतो. इथे पूर्वी गाव होते. आता वनखात्याची चौकी आहे. नोंदणी आणि सामानाची तपासणी उरकून पाय प्रत्यक्ष वाटेला लागेपर्यंत साडेदहा वाजतात. आठ जणांच्या, त्यातही घरच्या गटाला वर पोहोचायला अडीच तास धरा, म्हणजे एक वाजला. गडावर एक तास, उतरायला दोन तास, आणि साडेचारला परतीची लाँच. हाताशी उरतो तो जेमतेम अर्धा तास. बामणोलीत चहाला रेंगाळलात किंवा लाँचचे भाडे ठरवण्यात घासाघीस लांबली, तर तो अर्धा तास तिथेच संपतो. भाडे बहुधा डोक्यागणिक न घेता संपूर्ण लाँचचे घेतात, त्यामुळे आठ जणांना स्वतंत्र लाँच परवडते आणि इतरांसाठी खोळंबून राहावे लागत नाही.

चढणीबद्दल आपल्याला मिळालेली दोन्ही मते खरी आहेत. जलाशयाच्या काठापासून माथ्यापर्यंतची चढाई सुमारे 500 मीटरची आहे. उंचीच्या हिशेबाने सिंहगड चढलेल्या मुलीला ती झेपावी. वाटही मळलेली आहे आणि कड्यावर लोंबकळण्याचा प्रसंग कुठे येत नाही. मात्र सिंहगडाच्या वाटेवर दर वळणाला ताक-सरबतवाली मावशी भेटते, दमलेल्या माणसाला वरून गाडीने खाली येता येते आणि फोन लागतो. वासोट्याच्या रानात यांतले काहीही नाही. तिथे पाय मुरगळला, तर त्या माणसाला सोबत्यांनी आधार देत किंवा झोळी करून काठापर्यंत आणायचे, मग तासाभराचा जलप्रवास आणि त्यानंतर घाटरस्त्याने सातारा, असा क्रम लागतो. वासोट्याचा अवघडपणा मी या अंतरात मोजतो.

सुरुवातीला ओढ्याजवळ मारुती-गणपतीचे लहानसे ठिकाण लागते. तिथपर्यंत वाट सपाट आहे. त्यानंतर ती उभी होते आणि माथा जवळ येईपर्यंत तशीच राहते. झाडी इतकी दाट की बाराच्या उन्हातही अंगावर कवडसेच पडतात, त्यामुळे ऊन बाधत नाही. चढताना कोणी तक्रार करत नाही. उतरताना मात्र गोट्यांवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर असतो, खालचा दगड हलतो की पक्का आहे हे दिसत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांनी गुळगुळीत झालेली मुळे साबणासारखी सटकतात. आमच्यातल्या एका गृहस्थांनी कपाटातून काढलेले दहा वर्षांपूर्वीचे भारी बूट घातले होते. निम्म्या उतारावर एका बुटाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला आणि उरलेली वाट त्यांनी सुतळी बांधून पार केली. बूट जुने असतील, तर आधी आठवडाभर घालून फिरावे.

वडिलांविषयी : सपाटीवरचे चार किलोमीटर ही चांगली सवय आहे, पण त्यावरून उताराचा अंदाज येत नाही. जाण्याआधी महिनाभर त्यांना जिने चढायला आणि विशेषतः उतरायला लावा. गुडघ्याने त्यातच कुरकुर केली, तर त्यांनी बामणोलीलाच थांबावे. जंगलात कोणालाही एकट्याला मागे बसवून पुढे जाऊ नये. वाटाड्या स्थानिकच घ्यावा. आणि घरून निघतानाच एक ठरवून टाका : एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. हे वर गेल्यावर ठरत नाही, असा माझा अनुभव आहे.

माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, पाण्याचे टाके, महादेवाचे मंदिर आणि वाड्याचे अवशेष आहेत. वेळ कमी असेल, तर हे सगळे बाजूला ठेवून थेट बाबूकड्यावर जावे. नालाच्या आकाराचा हा तुटलेला कडा पाहताना नवख्याच्या पोटात गोळा येतो. मुलीचा हात सोडू नका. समोर उभा आहे तो जुना वासोटा. 1818 साली इंग्रजांनी त्याच डोंगरावर तोफा चढवून या गडावर मारा केला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे कुटुंब तेव्हा पेशव्यांच्या कैदेत याच गडावर होते. त्याआधी काही वर्षे हा गड लढवणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांच्या बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला इथे महिनोन्महिने झुंजवले ते कसे, हे तिथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र दर महिन्याला ट्रेक करतो. वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवसात करून पलीकडे कोकणात चोरवण्याला उतरण्याचा विचार आहे. चौकीवर फक्त वासोटा सांगितला, तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात शिरण्यासाठी परवानगी लागते, आणि ती मिळते ती सांगितलेल्या वाटेपुरती. चौकीवर सकाळी चार नावे लिहिली गेली आणि संध्याकाळी चारही माणसे परतली नाहीत, तर वनरक्षकांना अंधारात तुमच्या शोधात निघावे लागते. तुम्ही तेव्हा चोरवण्यात जेवत असता. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

नागेश्वराची गुहा देखणी आहे आणि महाशिवरात्रीला कोकणातली माणसे चोरवण्याकडून चढून तिथे येतात, हे खरे. पण वासोट्याला जोडून ती केली, तर वर सांगितलेला अर्धा तास केव्हाच संपतो आणि लाँचवाला थांबत नाही. नागेश्वर पाहायचाच असेल, तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून, त्या वाटेची परवानगी मिळते असे कळले तरच निघा.

या रानात गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. चौघांनी एकमेकांना आरोळ्या देत चालण्याची सवय असेल, तर ती काठावरच सोडावी. वाटेवर ओले शेण दिसले, तर गवा जवळपास आहे असे समजून थांबावे आणि तो दिसलाच तर त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यावे; फोटोसाठी पुढे सरसावणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. अत्तर आणि धूर यांनी आग्या माश्या उठतात, म्हणून दोन्ही टाळावेत. शांतपणे चालणाऱ्याला शेकरू तरी नक्की दिसते, निदान फांद्यांतून त्याची खडखड ऐकू येते.

प्रश्न : चौकीवर बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे मोजतात, हे खरे का? मग खाण्यापिण्याचे काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे. पिशव्या उघडून प्लास्टिकची एकेक वस्तू वहीत लिहितात, अनामत रक्कम घेतात आणि परतल्यावर तोच हिशेब पुन्हा जुळवतात. आमची एकदा एक बाटली कमी भरली. पंधरा मिनिटे सगळ्यांच्या पिशव्या उलट्यापालट्या केल्यावर ती एकाच्या जर्किनच्या बाहीत सापडली, आणि तोवर लाँचवाला दोनदा हाका मारून गेला होता. तेव्हापासून मी दशम्या आणि चटणी स्टीलच्या डब्यात नेतो, पाणी धातूच्या बाटलीत आणि माणशी तीन लिटर नेतो; वरच्या टाक्याच्या भरवशावर राहत नाही. चूल पेटवायची नाही. संध्याकाळी बामणोलीत गरम पिठले-भाकरी हवी असेल, तर सकाळी लाँचमध्ये पाय ठेवण्याआधीच किती ताटे लागतील ते सांगून जावे.