महाडच्या माळ्यावर सापडलेली 'काळ'कर्त्यांची पुस्तके आणि कार्डे : काय करावे?

'काळ' या साप्ताहिकाचे संपादक शि. म. परांजपे यांच्या निबंधांचे जुने खंड आणि त्यांच्या सहीची काही पोस्टकार्डे माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाली, ती खरी आहेत का आणि वाचनालयाला द्यावीत का, असे तुम्ही विचारले आहे. परांजपे मूळचे महाडचेच, तेव्हा तिथल्या घरात हे मिळणे अगदी शक्य आहे.

आधी जपणूक. ट्रंक उन्हात ठेवू नका. चिकटलेली पाने सुरीने सोडवू नका. सावलीत, पंख्याचा झोत थेट न लावता, दोन-तीन दिवस राहू द्या, बरीचशी आपणच सुटतात. बुरशी दिसली तर घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने काढा. कसर असेल तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरते. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नको. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, मग तो डाग काढणे फार कठीण होते.

आता ओळख. या निबंधांचे खंड ब्रिटिश सरकारने जप्त केले होते, त्यामुळे लपवून ठेवलेल्या प्रतींचे पहिले पान फाडलेले असू शकते. तरी शेवटचे पान पाहा. 1867च्या छपाईविषयक कायद्याने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे गाव छापणे सक्तीचे होते. साल शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा 79. म्हणजे शके 1830 हे पाडव्यापासून 1908.

कार्डांवर छापलेले तिकीट बघा. पाव आण्याचे आणि सातव्या एडवर्डचे असेल तर ते 1902 नंतरचे. 1922 मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचे झाले. 1908 मध्ये परांजप्यांना राजद्रोहाखाली 19 महिन्यांची शिक्षा झाली. त्या काळातली तारीख असून तुरुंगाची खूण नसेल, तर अक्षर जाणकाराकडून ताडून घ्या. मजकूर मोडीत असला तर आधी लिप्यंतर.

द्यायची तर एकत्र द्या. कार्ड, पाकीट, पुस्तकात खोचलेली चिठ्ठी वेगळी झाली की निम्मा पुरावा गेला. प्रत्येकाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, यादी दोन प्रतींत करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. रत्नागिरीचे वाचनालय 1828चे, अशा जुन्या संस्थेला विचारा. पण मूळ कागद बाहेर न देण्याची आणि तुम्हाला स्कॅन देण्याची अट लेखी घ्या. माझ्या मते ही अट मान्य होईपर्यंत ट्रंक घरीच बरी, फक्त माळ्यावर नको, कोरड्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून चार बोटे दूर.