माझ्यासारख्याला देव कशाला बोलावेल?

ख्रिस्ती विश्वासातले बरेच लोक, देव आपल्याला सेवेला कशाला बोलावेल, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बोलायला येतात, पण सरळ विचारत नाहीत, आधी झोप लागत नाही, चर्चला जावंसं वाटत नाही, घरात पटत नाही असं काहीबाही सांगतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत मग खरं काय ते बाहेर येतं. नगर जिल्ह्यातल्या एका दादांचं सांगते. (परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पंचेचाळिशीचे, पेटी फार गोड वाजवतात. दारूत बरीच वर्षं गेली, एकदा तर तरुण संघाच्या सहलीचे जमलेले पैसेच यांनी उडवले, आणि ते अख्ख्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, माहितीये. आता एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला नियमित जातात, दोन वर्षांच्या वर झालं, थेंब नाही घेतला. आणि चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, भजनाचा ग्रुप तुम्ही सांभाळा, पोरांना शिकवा. झालं, झोपच उडाली. मला म्हणाले, "मॅडम, मी वेदीपुढं पेटी घेऊन बसलो ना, की लोकांना सूर नाही, ते पैसेच आठवणार."

लोकांनी त्यांना नेहमीची यादी ऐकवून झाली होती. मोशेनं मिसऱ्याचा खून केला, दावीद राजानं उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला ठार करवलं, पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, तरी देवानं वापरलंच ना! यादी खरीच आहे. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे तिथं बथशेबाचं नावसुद्धा नाही, 'उरीयाची बायको' असा उल्लेख आहे, म्हणजे दाविदाचं पाप थेट वंशावळीत नोंदवून ठेवलंय. पण दादा म्हणाले, "ते दावीद राजे, मी गल्लीतला बेवडा." ह्यावर काय बोलणार? मोठ्या नावांचा अशा वेळी उलटाच परिणाम होतो असं माझं मत झालंय.

म्हणून मी त्यांना मार्कबद्दल विचारलं. पौल आणि बर्णबा हे प्रेषित सुवार्ता सांगायला पहिल्या फेरीला निघाले तेव्हा हा पोरगा मदतनीस म्हणून सोबत होता आणि पिर्गाला पोचल्यावर त्यांना सोडून यरुशलेमेला परत गेला, का ते बायबलातलं 'प्रेषितांची कृत्यं' हे पुस्तक सांगत नाही. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला याला घेऊ, पौल म्हणाला मुळीच नाही, आणि दोघांचं इतकं वाजलं की बर्णबा मार्कला घेऊन कुप्र (सायप्रस) बेटावर गेला आणि पौलानं सीलाला घेतलं. मग कितीतरी वर्षांनी आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ज्यानं नको म्हटलं होतं तोच!

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे पौलानं त्याला लगेच घेतलं नाही." तेच तर! लोकांचा भरवसा परत यायला वेळ लागतो, तेवढ्यावरून देवानं टाकून दिलं असं होत नाही. आणि मधल्या काळात मार्कबरोबर बर्णबा होता, नात्यातलाच, म्हणून बाजू घेतली असेल, असू दे, पण घेतली. मी विचारलं, तुमचा बर्णबा कोण? त्यांनी एएमधल्या त्यांच्या स्पॉन्सरचं, म्हणजे दारू सोडताना आधार देणाऱ्या जुन्या सदस्याचं, नाव घेतलं. मंडळीतलं कोणी नाही. हे मात्र मला खटकलं.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. 'देव अपूर्ण माणसांनाच वापरतो' हे वाक्य काहीजण पांघरूण म्हणून वापरतात, केलं ते केलं, आता मी सेवेत आहे, विषय संपला. ज्यांना त्रास झाला त्यांचा विषय संपलेला नसतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचंच बघा, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला, लक्ष्मीबाईंना, विश्वासात घेतलं नव्हतं, पुढची काही वर्षं त्या माऊलीनं वेगळं राहून काढली. टिळकांची भजनं आपण आजही गातो, दादाही तीच वाजवतात, आणि लक्ष्मीबाईंनी सोसलं तेही तितकंच खरं. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

म्हणून पुढच्या भेटीला वहिनींना बोलावलं. त्यांना नवऱ्यानं पेटी वाजवायला हरकत नव्हती, त्यांना भीती होती की लोकांनी टोमणे मारले की हा परत प्यायला लागेल. आणि सहलीच्या पैशांचा विषय निघाला की दादा उठून बाहेर जातात, त्याचा त्यांना राग होता. एएची नववी पायरी भरपाईचीच आहे, ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे शक्य तिथं स्वतः जायचं, फक्त त्यानं कोणाचं आणखी नुकसान होणार असेल तर नाही. ती पायरी दादांनी घरापुरतीच उरकली होती.

शेवटी ठरलं असं की आधी मंडळीच्या पंचांसमोर जाऊन हप्त्यानं पैसे फेडायला सुरुवात करायची, ग्रुप एकट्यानं घ्यायचा नाही, एक ज्येष्ठ ताई सोबत राहणार, आणि वर्गणीला हात लावायचा नाही. दादांना वाटलं हा शेवटचा नियम आपल्याला अपमान वाटेल, पण उलट त्यांना हायसंच वाटलं. हप्ते चालू आहेत. पंचांपैकी एकजण अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि दादा शनिवारी पोरांना शिकवायला जातात.