फक्त क्रिकेट खेळलेल्या माणसाने सत्तेचाळिसाव्या वर्षी बेसबॉलच्या फँटसी कॅम्पला जावे का?

तुमच्या प्रश्नातला मजकूर थोडक्यात असा, की कॉलेजात असताना पुण्यात तुम्ही लेदर बॉलने क्रिकेट खेळलात, अमेरिकेत आल्यावर बेसबॉल फक्त प्रेक्षक म्हणून पाहिलात, आणि आता पत्नीने वाढदिवसाची भेट म्हणून फ्लोरिडातल्या एका फँटसी कॅम्पमध्ये, म्हणजे हौशी लोकांनी माजी व्यावसायिक खेळाडूंसोबत खेळायच्या शिबिरात, तुमची जागा नक्की केली आहे; तेव्हा जावे की आगाऊ भरलेली रक्कम परत मागावी, आणि जायचे झाल्यास तयारी कशाची करावी. माझे मत विचाराल तर अवश्य जावे. मात्र तुमच्या डोक्यात आत्ता बॅटिंगची धास्ती असेल, ती बाजूला ठेवून हाताशी असलेला वेळ पायांच्या मागच्या स्नायूंवर आणि खांद्यावर खर्च करावा.

मी मूळचा ठाण्याचा, राहायला डेट्रॉइटजवळ, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तिथल्या टायगर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या, फ्लोरिडातल्या लेकलंड येथील शिबिरात खेळलो आहे. ही शिबिरे सुरू झाली १९८०च्या दशकाच्या आरंभी. शिकागो कब्ज या संघाचा माजी कॅचर रँडी हंडली, ज्याने १९६८च्या एकाच हंगामात १६० सामन्यांत यष्टीमागे, म्हणजे होम प्लेटमागे, उकिडवे बसण्याचा पराक्रम केला होता, त्याने निवृत्तीनंतर आपल्या जुन्या सहकाऱ्यांना गोळा करून हौशी लोकांना त्यांच्यासोबत खेळू द्यायची कल्पना काढली. आज अनेक व्यावसायिक संघ आपापल्या सरावकेंद्रांवर, म्हणजे फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात, मुख्यतः जानेवारीच्या आसपास अशी शिबिरे भरवतात. लेकलंडला टायगर्स संघ १९३४पासून हिवाळी सरावाला येतो, आणि आज जिथे सरावाची मैदाने आहेत तिथे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवण्यासाठी धावपट्टी होती. मिशिगनमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडून विमानतळ गाठावा आणि त्याच दिवशी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिरवळीवर उभे राहावे, हे सुख पैशांत मोजण्याजोगे नाही. अर्थात पैसे मोजावे लागतातच: शुल्क पाच हजार डॉलरच्या आसपास असते, त्याशिवाय विमानभाडे, आणि रोज रात्री मळलेला गणवेश धुऊन सकाळी तुमच्या लॉकरमध्ये टांगून ठेवणाऱ्या क्लबहाउसच्या कर्मचाऱ्यांना शेवटी द्यायची बक्षिशी. ती देताना हात आखडू नये.

स्पर्धेचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते. पहिल्या दिवशी सर्वांची चाचणी होते, त्यावरून माजी खेळाडू आपापसांत संघ वाटून घेतात आणि त्यांचेच प्रशिक्षक होतात. मग रोज सात-सात इनिंगचे, म्हणजे छोट्या डावांचे, दोन सामने, शेवटी बाद फेरी, आणि समारोपाला माजी व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध थोड्या इनिंगचा सामना. संघातले सगळेच जण क्रमाने बॅटिंग करतात, त्यामुळे बाकावर बसून राहण्याची वेळ कोणावर येत नाही. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तुमच्यासारखाच विमा एजंट किंवा दंतवैद्य असतो आणि त्याचा चेंडू साधारणतः ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने येतो. कॉलेजात मध्यमगती गोलंदाजी खेळलेल्या माणसाला त्या वेगाचे भय वाटायचे कारण नाही.

बॅटिंगचे तेवढ्यात आटोपतो. चेंडू टप्पा न पडता येतो, बॅट गोल असते आणि तिचा व्यास जास्तीत जास्त २.६१ इंच, म्हणजे क्रिकेटच्या बॅटच्या सव्वाचार इंच रुंदीपुढे फारच किरकोळ. तुमचा लेट कट आणि लेग ग्लान्स, ज्यांच्यावर तुमच्या काळी टाळ्या पडल्या असतील, ते येथे फाउल ठरतात, कारण मैदानाचा फक्त समोरचा ९० अंशांचा पाचर वैध आहे. दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा बॅटिंग केजमध्ये जाऊन कंबर फिरवून आडवा फटका मारायची सवय करा, इतके पुरे आहे. त्याहून अधिक सुधारणा या वयात होत नाही आणि शिबिरात तिची कोणी अपेक्षाही करीत नाही.

खरी परीक्षा चेंडू बॅटला लागल्यानंतरच्या पहिल्या चार पावलांत असते. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत ५८ फूट, तेही पळायचे की नाही हे तुम्ही ठरवणार आणि पलीकडचा जोडीदार हाक देणार. येथे पहिला बेस, म्हणजे धावून गाठायचा पहिला थांबा, ९० फुटांवर, आणि वैध क्षेत्रात चेंडू जमिनीवरून गेला की पळण्यावाचून गत्यंतर नाही. त्यापूर्वीचा वेळ तुम्ही डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले असता. थंड पडलेल्या स्नायूंवर असा अचानक ताण आला की मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, किंवा पोटरी, किंवा दोन्ही, आपला निषेध नोंदवतात. दुसऱ्या दिवसापासून दुखापतींवर उपचार करणाऱ्या ट्रेनरच्या खोलीबाहेर सणाच्या आदल्या दिवशी रेशनच्या दुकानासमोर लागावी तशी रांग लागते, आणि तिच्यात जिममध्ये नियमित जाणारे, भक्कम दंडांचे लोक मोठ्या संख्येने असतात, कारण ट्रेडमिलवरचे एकसुरी धावणे या कामी येत नाही.

म्हणून निदान दहा आठवडे आधी सुरुवात करा. अंग नीट तापवून, उभ्या जागेवरून ३० फूट, तेही पूर्ण जोर न लावता, आणि आठवड्यातून दोनच दिवस. अंतर हळूहळू ९० फुटांपर्यंत न्या आणि जोर त्याहूनही हळू वाढवा. त्याच्या जोडीला नॉर्डिक कर्ल नावाचा व्यायाम करा: गुडघे टेकून ताठ राहायचे, घोटे कोणाला तरी घट्ट धरायला सांगायचे आणि धड कमरेत न वाकवता सावकाश पुढे झुकवायचे. हॅमस्ट्रिंगची दुखापत टाळण्यासाठी या व्यायामाचा उपयोग होतो हे फुटबॉलपटूंवरील अभ्यासांतून चांगले सिद्ध झाले आहे. आणखी एक बारकावा असा, की पहिल्या बेसवर थांबायचे नसते, त्याच्या पुढच्या कडेवर पाय देऊन सरळ पुढे निघून जायचे असते. तशी मुभा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसला नाही, पण पहिल्याला आहे, आणि तरीही लोक बेसपाशी करकचून ब्रेक लावतात; स्नायू नेमका त्याच क्षणी दगा देतो.

धावण्यासंबंधी क्रिकेटवाल्याच्या अंगात मुरलेल्या दोन सवयी घरीच सोडून जाव्यात. चेंडू हवेत उंच उडाला की आपण धाव काढत सुटतो, कारण झेल घेतला गेला तर धावणारा नव्हे तर मारणारा बाद. येथे झेल पकडला गेला तर बेसवरच्या धावपटूला मूळ बेसवर परत यावे लागते, आणि तो पोहोचण्याआधी चेंडू तिथे पोहोचला तर एका झेलात दोन बाद. दुसरी सवय बॅट हातात घेऊन पळण्याची. आमच्या संघातल्या एका हैदराबादी डॉक्टरांनी पहिल्याच फटक्यावर बॅट पुढे धरून, जणू क्रीजमध्ये टेकवायची आहे अशा आवेशाने, पहिला बेस गाठला. बहुतेक शिबिरांत ‘कांगारू कोर्ट’ नावाचा खोटा न्यायालयाचा खेळ असतो, त्यात माजी खेळाडू न्यायाधीश बनून अशा गुन्ह्यांना डॉलर-दोन डॉलर दंड ठोठावतात. डॉक्टरांनी आपल्या बचावात क्रिकेटचे नियम समजावून सांगायला घेतले, तेव्हा न्यायालयाचा वेळ वाया घालवल्याबद्दल त्यांचा दंड दुप्पट झाला.

आता खांदा. क्रिकेटमध्ये आपण पॉइंटला उभे राहून अख्ख्या डावात मोजके जोरकस थ्रो करतो. इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसजवळ उभ्या असलेल्या, माणसाला त्याच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक चेंडूगणिक थ्रो करावा लागतो, शिवाय सामन्यापूर्वीचा सराव वेगळाच. तिसऱ्या बेसपासून पहिल्यापर्यंतचे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक भरते. उत्तर प्रदेशातून आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने करारबद्ध केले, ते त्यांच्या खांद्यातल्या ताकदीसाठी. बेसबॉलचा खेळ त्यांना त्याच वर्षी नव्याने शिकावा लागला होता. आपल्यासारख्यांनी आधी ३० फुटांवरून फेकायला लागावे, दर आठवड्याला थोडे मागे सरकावे, दोन फेकसत्रांमध्ये एक दिवस मोकळा सोडावा, आणि रबरी पट्ट्यांचे खांद्याचे व्यायाम त्यासोबत चालू ठेवावेत. कोपर दुखू लागले की त्या दिवशी चेंडू पिशवीत ठेवून द्यावा.

फेकण्याच्या बाबतीत मला शिबिरात मिळालेली सर्वांत मोलाची शिकवण एका माजी इनफिल्डरची. सत्तरीच्या घरात, दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे ते बादली उलटी घालून तिच्यावर बसत आणि दहा फुटांवरून आमच्याकडे चेंडू सरपटत सोडत. चेंडू ग्लोव्हमध्ये आला की उजवा हात आत घालायचा आणि बाहेर काढेपर्यंत बोटांनी शिवण चाचपून पहिली दोन बोटे तिच्यावर आडवी बसवायची, चेंडूकडे न पाहता. तशी पकड बसली तर थ्रो सरळ जातो, न बसली तर वळतो आणि पहिल्या बेसवरचा माणूस आडवा होतो. नंतर मी टीव्हीवर सामना बघतानाही मांडीवर चेंडू फिरवीत तेवढेच करीत असे. शिवणीशी आपली जुनी ओळख असते, आपण ती स्लिपच्या दिशेने उभी धरतो; येथे तिला आडवे पकडायचे, एवढाच बदल.

ग्लोव्ह मात्र आधीच विकत घ्या आणि मऊ करा: थोडे तेल, आत चेंडू ठेवून दोरीने बांधणे, आणि मुख्य म्हणजे रोज कोणाशी तरी झेलाझेली. नवा कडक ग्लोव्ह घेऊन जाणाऱ्याच्या हातून चेंडू फळीवर आपटल्यासारखा उडतो. उघड्या हाताने झेल घेण्याची आपली हौसही आवरावी. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हा थोडा हलका असला तरी उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर बसला की रात्री जेवताना चमचा धरवत नाही.

आपल्या उपखंडातील लोकांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी वयात दिसतो, त्यामुळे रक्तदाब, साखर किंवा घराण्यातला इतिहास यांपैकी काहीही असेल तर अर्जासोबतच्या वैद्यकीय पत्रकावर डॉक्टरांची सही घेऊन न थांबता हृदयाची ताणचाचणी करायची का, हे त्यांना स्पष्ट विचारा. बाकी संकोच बाळगण्याचे कारण नाही. गणवेशावर तुमचे आडनाव येते, आणि ते सहस्रबुद्धे किंवा देवस्थळी असेल तर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत येते. आमच्याकडे उच्चारावरून दिवसभर चेष्टा चालायची, पण ती सर्वांचीच.

चाचणीच्या वेळी कोणत्या जागी खेळणार असे विचारतील, तेव्हा सेकंड बेस, म्हणजे दुसऱ्या बेसजवळची जागा, सांगा. तिथून पहिल्या बेसचा थ्रो सर्वांत लहान असतो, चेंडूही पुरेसे येतात, आणि पॉइंटला उभे राहिलेल्या माणसाची नजर तिथे लगेच बसते. कॅचर होण्याची तयारी दाखवलीत तर सगळे तुमच्यावर खूश होतील, पण रोजचे दोन सामने उकिडवे बसून काढायला गुडघे वीस वर्षांपूर्वीचे लागतात, तेव्हा कोणी कितीही गोड बोलले तरी त्याला नकार द्या.