कवयित्री असूनही पी. के. पेज यांनी ब्राझीलमध्ये रोजनिशीच का लिहिली?

कारण तिथे त्यांना कविता सुचेनाशी झाली. कॅनडाचा १९५४ चा गव्हर्नर जनरल हा साहित्य पुरस्कार मिळवलेल्या पेज १९५७ मध्ये राजदूत पतीसोबत रिओला गेल्या. कानांवर सतत पोर्तुगीज पडू लागली, इंग्रजी दुरावली, आणि कवितेची जागा चित्रांनी घेतली. हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. तेव्हाच्या नोंदी आणि पत्रांतून १९८७ मध्ये ‘ब्राझिलियन जर्नल’ हे पुस्तक आलं. त्यातले रंग आणि झाडंझुडपं चित्रकाराच्या नजरेनं टिपलेली आहेत, म्हणून मला ते फार प्रिय आहे. मात्र हे मौन कायमचं नव्हतं: कॅनडात परतल्यावर त्या पुन्हा कवितेकडे वळल्या आणि २०१० मध्ये, ९३ व्या वर्षी निधन होईपर्यंत लिहीत राहिल्या.