संगणकाचा कन्सोल

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातला विंडोजचा संगणक टीव्हीला जोडलेला आहे. मुलाला त्यावर गेम खेळायचे असतात आणि सासूबाईंना साठवलेली नाट्यगीते ऐकायची असतात. कीबोर्ड-माऊसशिवाय हे जमेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जमेल. स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि खेळण्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये संगणकासोबत सुरू होण्याचा आणि थेट बिग पिक्चर मोडमध्ये (टीव्हीसाठीच्या, कंट्रोलरने चालणाऱ्या मोठ्या अक्षरांच्या रूपात) उघडण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडावेत. विंडोज पासवर्ड न विचारता उघडेल अशीही सोय केली, तर बटण दाबताच कन्सोलसारखा पडदा समोर येतो. सासूबाईंसाठी कोडी हे गाणी-चित्रपट लावण्याचे मोफत सॉफ्टवेअर घालून ते स्टीमच्या लायब्ररीत जोडावे, म्हणजे गाणीही गेमच्याच कंट्रोलरने लावता येतील. (कोडीचा जन्मही एक्सबॉक्स या कन्सोलवरच झाला, २०१४ पर्यंत त्याचे नाव एक्सबीएमसी होते.) टीव्हीच्या रिमोटवर मात्र विसंबू नये, कारण बहुतेक ग्राफिक्स कार्डे (पडद्यावरचे चित्र तयार करणारे संगणकातले भाग) त्याचे संकेत संगणकापर्यंत पोहोचवत नाहीत.

एचडीएमआय केबल संगणकाच्या मागे नेमकी कुठे खोचली आहे, तेही पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही ती वरच्या, मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पाटीच्या) खाचेत असेल, तर कार्डाचा पुरेसा उपयोग होत नाही. टीव्हीवर गेम मोड लावल्यास बटण दाबणे आणि पडद्यावरील हालचाल यांतील विलंब घटतो.