नदीच्या माशाची गाभोळी तळ्यातल्या माशापेक्षा पौष्टिक असते का?

पत्नीला सहावा महिना आहे, सासूबाईंना नदीच्याच माशाची गाभोळी हवी आहे आणि मंगळवारी बाजारात सगळा माल तळ्यातला, असं तुम्ही लिहिलंय. फरक पडतो, पण सासूबाईंना वाटतो तेवढा नाही. मी मत्स्यविज्ञान शिकले आहे, म्हणून जरा खोलात सांगते.

गाभोळी म्हणजे माशाची अंडी, आणि अंडं म्हणजे पिल्लाची शिदोरी. पिल्लाचा मेंदू आणि डोळे घडायला डीएचए हे ओमेगा-३ लागतंच, त्यामुळे मादी ते स्वतःच्या अंगातून काढून अंड्यात भरते. म्हणूनच खाद्य बदललं तर मांसातली चरबी जेवढी बदलते, तेवढी गाभोळीतली बदलत नाही. प्रथिनं दोन्हीकडे जवळपास सारखीच. निरनिराळ्या माशांची सरासरी धरली तर १०० ग्रॅम कच्च्या गाभोळीत २२ ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅम चरबी, सुमारे १० मायक्रोग्रॅम बी-१२ आणि ३०० मिलिग्रॅमहून जास्त कोलीन (बाळाच्या मेंदूला लागणारं पोषकद्रव्य) असतं. गरोदरपणात कोलीन फार मोलाचं.

फरक आहे तो चरबीच्या जातीत. तळ्यातल्या रोहू-कतल्याला तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची ढेप घालतात. या तेलांत ओमेगा-६ भरपूर, ते गाभोळीतही उतरतं. नदी-धरणातला मासा शेवाळ, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे खातो, त्याच्याकडे ओमेगा-३ चं प्रमाण चांगलं राहतं.

पण 'नदीचा' म्हणजे नेमका कुठला? धरणांच्या जलाशयांतही मत्स्यबीज सोडलेलं असतं. मासा हॅचरीत जन्मतो, फक्त खातो धरणातलं. आणि आपली नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसेखुर्द धरणात साठतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. पारा जास्त करून मांसात साठतो, पण चरबीत विरघळणारी कीटकनाशकं अंड्यांत उतरतात. अशा पाण्यातल्या 'नैसर्गिक' माशापेक्षा स्वच्छ तळ्यातला मासा मी कधीही घेईन. म्हणून सासूबाईंना मासा कुठल्या पाण्यातला, हे आधी विचारायला सांगा.

हंगामाचंही आहे. रोहू-कतला पावसाळ्याच्या तोंडाशी अंड्यांवर येतात, आणि तळ्यातला रोहू बऱ्याचदा त्याआधीच विकला जातो. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र तळ्यातच अंडी घालतो, वर्षातून एकाहून जास्त वेळा, म्हणून हिवाळ्यात दिसणारी गाभोळी पुष्कळदा त्याची असते. घ्यायला हरकत नाही. पावसाच्या पहिल्या पुरात नदीत चढणाऱ्या माद्या मात्र घेऊ नका, त्यांना अंडी घालू द्या.

ताजेपणा मी सगळ्यात वर ठेवते, कारण ओमेगा-३ ची ही नाजूक चरबी लवकर खवट होते. वरचा पडदा अखंड, चकचकीत हवा. आंबूस वास आला किंवा दाबल्यावर पाणी सुटलं तर परत करा. मासा तुमच्यासमोर कापून घेतलात तर उत्तम.

सहाव्या महिन्यात अर्धीकच्ची गाभोळी अजिबात नको. हळद-मिठाच्या पाण्यात आतपर्यंत घट्ट होईस्तोवर उकडा, मग चकत्या करून थोड्या तेलात परता. तिखट सोसत असेल तर सावजी रश्शात सोडली तरी चालते. आठवड्यातून एकदा वाटीभर पुरे, कारण १०० ग्रॅममध्ये कोलेस्टेरॉलही ३७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.